सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग इन्सुलिन फक्त पॅन्क्रियासमधेच का बनतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारी मुलगी बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, प्राथमिक मराठीतून आणि पुढे सगळं इंग्लिशमधून, ऑर्गनेल्स (पेशीतले छोटे अवयव) पाठ आहेत, डीएनए-आरएनए-प्रोटीन पण पाठ आहे, पण हे दोन चॅप्टर एकमेकांशी जुळतच नाहीत. सगळ्या पेशींत तोच डीएनए असेल तर डोळ्यात इन्सुलिन का बनत नाही? आणि आजी इन्सुलिन घेते, तिच्या फाइलमधे सी-पेप्टाइड नावाची टेस्ट दिसली ती कसली?

मी आधी मॉलिक्युलर बायोलॉजीच्या लॅबमधे होते, आता बरीच वर्षं फोंड्याकडे कॉलेजमधे शिकवते, आणि ही चॅप्टर न जुळण्याची तक्रार दर वर्षी येते. यात मुलांचा दोष कमी, सिलॅबसचा जास्त. सेल बायोलॉजीच्या पेपरात गॉल्जी या ऑर्गनेलचं चित्र, मॉलिक्युलरच्या पेपरात ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनए लिहिणं, आणि दोघांच्या मधे जे खरं घडतं ते कुणाच्याच वाट्याला येत नाही. माझा उपाय एकच, कुठलंही एक प्रोटीन पकडायचं आणि ते जन्मल्यापासून कामाला लागेपर्यंत त्याचा पाठलाग करायचा, आणि प्रत्येक टप्प्याला विचारायचं की हे आत्ता नेमकं कुठे आहे आणि इथून पुढे त्याला कोण नेणार. तू स्वतःच इन्सुलिन काढलंयस तर तेच घेऊ. गोव्यात ते कुणाला परकंही नाही म्हणा, २०२३ साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या सर्वेक्षणात देशात डायबिटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्याकडे निघालं, २६.४ टक्के.

आधी डोळ्याचा प्रश्न. इन्सुलिनचा जीन ११ नंबरच्या क्रोमोसोमच्या आखूड बाजूवर, जवळजवळ टोकाला आहे. तो तुझ्या डोळ्याच्या पेशीत आहे, कातडीत आहे, लिव्हरमधे आहे, आणि प्रत्येक ठिकाणी दोन कॉप्या, एक आईकडची एक बाबांकडची. "सगळ्या पेशींत तोच डीएनए" या वाक्याला अपवाद आहेत ते लक्षात ठेव, कारण व्हायव्हात विचारतात: पूर्ण वाढलेल्या लाल रक्तपेशीत न्यूक्लियसच नसतो, अंड्यात आणि शुक्रपेशीत अर्धाच संच असतो, आणि बी व टी लिम्फोसाइट्स आपले अँटीबॉडी आणि रिसेप्टरचे जीन चक्क कापून नव्याने जोडतात. बाकी पेशींत जीन सगळे शाबूत. पुरावा हवा तर डॉली मेंढी, १९९६ सालची. मोठ्या मेंढीच्या कासेच्या पेशीतला न्यूक्लियस घेऊन, न्यूक्लियस काढलेल्या अंड्यात टाकला आणि पूर्ण मेंढी तयार झाली. म्हणजे कासेच्या पेशीने बाकीचे जीन फेकून दिले नव्हते, नुसते वाचायचे बंद ठेवले होते. जॉन गर्डननी बेडकांवर हेच त्याच्या कितीतरी आधी, १९६२ मधे दाखवलं होतं.

मग वाचायचं कुणी ठरवायचं? एका पेशीतला डीएनए ताणून सरळ केला तर जवळपास दोन मीटर भरतो आणि तो मावतो कुठे तर साधारण पाच ते दहा मायक्रॉनच्या न्यूक्लियसमधे. म्हणून तो हिस्टोन प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, एका गुंडाळीत साधारण १४७ बेसपेअर. जिथे ही गुंडाळी घट्ट, तिथे आरएनए पॉलिमरेजला, म्हणजे आरएनए लिहिणाऱ्या एन्झाइमला, शिरायला जागाच नाही. बीटा सेलमधे, म्हणजे पॅन्क्रियासमधल्या लँगरहान्सच्या बेटांवरच्या त्या पेशींत, इन्सुलिन जीनच्या अलीकडचा भाग मोकळा असतो आणि तिथे पीडीएक्स-वन, माफ-ए, न्यूरो-डी-वन असली जीन चालू करणारी ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर्स येऊन बसतात. ही सुद्धा प्रोटीन्सच आहेत, त्यांचेही जीन आहेत, आणि तेही कुणीतरी चालू केलेले असतात, असं मागे मागे गर्भापर्यंत जातं. डोळ्याच्या पेशीत ही मंडळी एकत्र हजर नसतात, शिवाय तिथे त्या जीनच्या दाराशी जीन बंद ठेवणारे मेथिल ग्रुप लावून ठेवलेले असतात. संपलं, म्हणून डोळ्यात इन्सुलिन नाही. पेशीची ओळख म्हणजे तिच्यात कुठले जीन उघडे आहेत ती यादी, हे एकदा डोक्यात बसलं की डेव्हलपमेंट आणि कॅन्सर ही दोन्ही चॅप्टर निम्मी सोपी होतात.

आता पाठलाग सुरू. जीन आहे साधारण १४०० बेसपेअरचा, तीन एक्सॉन (ठेवायचे तुकडे) आणि दोन इन्ट्रॉन (काढून टाकायचे). पॉलिमरेज प्रोमोटरच्या, म्हणजे जीनच्या अलीकडच्या त्या मोकळ्या भागाच्या, इथून सुरू करतं. इथे दर वर्षी अर्धा वर्ग लिहितो की ट्रान्सक्रिप्शन एयूजीपासून सुरू होतं. नाही गं! एयूजी ही रायबोसोमची, म्हणजे आरएनए वाचून प्रोटीन जोडणाऱ्या यंत्राची, सुरुवात, पॉलिमरेजला एयूजीशी काही देणंघेणं नाही, ते त्याच्या बरंच आधीपासून लिहायला लागतं. कच्चा आरएनए न्यूक्लियसमधेच दुरुस्त होतो, पुढे टोपी, मागे ए-ए-ए-ए ची लांब शेपटी, मधले इन्ट्रॉन काढून टाकलेले, आणि मग तो न्यूक्लियर पोअरमधून बाहेर सायटोप्लाझममधे. प्रत्यक्ष प्रोटीनचा मजकूर किती? ११० अमिनो अॅसिड गुणिले तीन, अधिक एक स्टॉप कोडॉन (कोडॉन म्हणजे तीन अक्षरांचा गट, हा थांबायला सांगणारा), म्हणजे ३३३ अक्षरं. १४०० मधली ३३३. बाकीचं इन्ट्रॉन आणि दोन्ही टोकांचा न वाचला जाणारा भाग.

या मजकुराची सुरुवात वहीत लिहून घे, कारण जेनेटिक कोडचं अख्खं चॅप्टर यात आहे: एयूजी, जीसीसी, सीयूजी, यूजीजी, एयूजी, सीजीसी, सीयूसी, सीयूजी. कोडॉन टेबल काढून स्वतः वाच. मेथिओनिन, अॅलनिन, ल्यूसिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन, आर्जिनिन, ल्यूसिन, ल्यूसिन. बघ, सीयूजी आणि सीयूसी दोन्ही ल्यूसिनच देतात, यालाच कोड डिजनरेट आहे म्हणतात. ६४ कोडॉन, त्यातले तीन स्टॉप, उरलेल्या ६१ मधे २० अमिनो अॅसिड वाटायचे म्हटल्यावर हे होणारच. आणि पाचव्या जागी परत एयूजी आलाय, तिथून नवीन प्रोटीन सुरू होत नाही, ते नुसतं मधलं मेथिओनिन आहे, रायबोसोम आधीच एका फ्रेममधे चालायला लागलाय. एयूजी दिसला की गोल करायची सवय असेल तर ती सोड. हा कोड उलगडायला १९६१ मधे नुसत्या यूची साखळी वापरून सुरुवात झाली, त्यातून नुसतं फिनाइलअॅलनिन निघालं, आणि पुढे ठरावीक क्रमाचे आरएनए लॅबमधे बनवून बाकीचं टेबल भरण्यात हरगोविंद खोरानांचा मोठा वाटा होता, १९६८ चं नोबेल त्यासाठीच.

आपल्या पेशींत रायबोसोम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो अॅसिड जोडतो. म्हणजे ११० जोडायला वीसेक सेकंद. एवढ्यातच होतं, मुलांना वाटतं तास लागत असतील.

पण हे वीस सेकंद साधे नाहीत, आणि तुझे दोन चॅप्टर नेमके इथे जुळतात. रायबोसोम आधी सायटोप्लाझममधे मोकळाच असतो. "फ्री रायबोसोम" आणि "बाउंड रायबोसोम" अशा दोन जाती पुस्तकात वाचून वाटतं की ते जन्मतःच वेगळे, पण रायबोसोम एकच, तो काय बनवतोय त्यावर तो कुठे जाणार ते ठरतं. इन्सुलिनचे पहिले २४ अमिनो अॅसिड बघितले तर त्यात आठ ल्यूसिन आहेत, म्हणजे पाण्याला लांब ठेवणारा तेलकट तुकडा. हा सिग्नल पेप्टाइड. रायबोसोममधून तो बाहेर डोकावला की एसआरपी नावाचा कण त्याला धरतो, काम जरा थांबवतो, आणि अख्खा रायबोसोम ओढून एंडोप्लाझमिक रेटिक्युलमवर, म्हणजे ईआर या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यावर, नेऊन बसवतो. मग बाकीची साखळी थेट ईआरच्या आत ओवली जाते. रफ ईआर रफ दिसतो तो या कामावर आलेल्या रायबोसोम्समुळे. प्रोटीनवरच त्याचा पत्ता लिहिलेला असतो ही गोष्ट ग्युंटर ब्लोबेलनी दाखवली, १९९९ चं नोबेल.

आत गेल्यावर सिग्नल पेप्टाइड कापला जातो, आता उरले ८६, याला प्रोइन्सुलिन म्हणायचं. ईआरमधे त्याची घडी बसते आणि तीन डायसल्फाइड बंध जुळतात. ही घडी किती नाजूक असते ते सांगते, इन्सुलिन जीनमधे एक म्यूटेशन माहीत आहे, एक अक्षर बदलतं आणि (मूळ ११० मधे मोजलं तर) ९६ व्या जागी सिस्टीनऐवजी टायरोसिन येतं. एक बंध जुळत नाही, प्रोटीन ईआरमधे अडकून साठत जातं, बीटा सेल ताणाखाली येते आणि शेवटी मरते, आणि बाळाला जन्मानंतर थोड्याच काळात डायबिटीस होतो. गंमत बघ, दुसरी कॉपी चांगली असूनही त्रास होतो, कारण इथे प्रश्न इन्सुलिन कमी पडण्याचा नाही, बिघडलेलं प्रोटीन पेशीलाच मारतंय. डॉमिनंट म्यूटेशन म्हणजे काय हे विचारलं तर मटारच्या शेंगांपेक्षा हे उदाहरण दे, मार्क मिळतील.

ईआरमधून छोट्या पिशव्यांतून गॉल्जी, गॉल्जीतून स्रावाच्या कणांत, म्हणजे सीक्रेटरी ग्रॅन्यूल्समधे. तिथे एन्झाइमची कात्री लागते आणि साखळीचा मधला तुकडा सुटा होतो. उरतात दोन साखळ्या, २१ अमिनो अॅसिडची ए आणि ३० ची बी, बंधांनी एकमेकींना धरून, एकूण ५१, हे झालं खरं इन्सुलिन. सहा-सहा रेणू झिंकभोवती जमून तिथे साठून राहतात. आणि सुटा झालेला तो मधला तुकडा, ३१ अमिनो अॅसिडचा, तोच तुझ्या आजीच्या फाइलमधला सी-पेप्टाइड.

आता टेस्ट का करतात ते आपोआप कळेल. पेशी जेव्हा ग्रॅन्यूल बाहेर रिकामा करते तेव्हा इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही सारख्याच संख्येने रक्तात पडतात. इंजेक्शनच्या इन्सुलिनमधे सी-पेप्टाइड नसतो. म्हणजे आजी इन्सुलिन घेत असली तरी तिच्या रक्तातला सी-पेप्टाइड मोजला की तिची स्वतःची बीटा सेल किती बनवतेय ते कळतं. नुसतं इन्सुलिन मोजलं असतं तर बाटलीतलं किती आणि आजीचं किती हे वेगळं करणं कठीण. आकड्याचा अर्थ तिच्या डॉक्टरांना विचार, किडनीचा त्रास असेल तर तो आकडा वेगळा वाचावा लागतो, तो माझा प्रांत नाही.

ग्रॅन्यूल भरून तयार आहेत पण सोडायचे कधी? दुपारी तू शीत-कडी जेवलीस, ग्लुकोज वाढलं, ते बीटा सेलमधे शिरलं, मोडायला लागलं, पुढचं काम मायटोकॉन्ड्रियाने केलं आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढला. "पॉवरहाऊस ऑफ द सेल" हे वाक्य लिहून मुलं थांबतात, पण इथे एटीपी नुसतं इंधन नाहीये, तो निरोप पण आहे. बीटा सेलच्या मेम्ब्रेनवर एक पोटॅशियम चॅनल आहे, एटीपी वाढला की तो बंद होतो, पोटॅशियम बाहेर जाणं थांबलं की मेम्ब्रेनचं व्होल्टेज बदलतं, त्याने कॅल्शियमचे चॅनल उघडतात, कॅल्शियम आत आला की ग्रॅन्यूल्स मेम्ब्रेनला चिकटून बाहेर रिकामे होतात. एका जेवणात ग्लायकोलिसिस, मायटोकॉन्ड्रिया, मेम्ब्रेन ट्रान्सपोर्ट आणि एक्सोसायटोसिस अशी चार चॅप्टर झाली. घरात कुणी ग्लिमेपिराइडची गोळी घेत असेल तर ती याच पोटॅशियम चॅनलवर जाऊन बसते आणि ग्लुकोजची वाट न बघता तो बंद करते, म्हणूनच ती गोळी घेऊन जेवण चुकवलं की शुगर खाली जाते.

रक्तातून इन्सुलिन स्नायूच्या आणि चरबीच्या पेशीपर्यंत गेलं तरी ते आत शिरून ग्लुकोज ओढत नाही. ते बाहेरून रिसेप्टरला लागतं, रिसेप्टरचा आतला भाग एन्झाइम आहे, तो फॉस्फेट लावत सुटतो, आणि त्या साखळीच्या शेवटी आत पिशव्यांत ठेवलेले ग्लूट-फोर नावाचे ट्रान्सपोर्टर मेम्ब्रेनवर येतात. ग्लुकोज त्यांच्यातून येतं. सिग्नलिंग इथे थोडक्यात सोडते, ते सेकंड इयरला घासून घासून शिकवतात.

फाइलमधे एचबीए-वन-सी पण असेलच, तर त्याचंही सांगून टाकते कारण ते सेल बायोलॉजीचंच आहे. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला कुठल्याही एन्झाइमशिवाय हळूहळू चिकटत राहतं. लाल पेशीत न्यूक्लियस नाही, रायबोसोम नाहीत, म्हणजे नवं हिमोग्लोबिन बनणार नाही, जुनंच शेवटपर्यंत, आणि पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय ते बघून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज लागतो.

प्रोकॅरिओट (पेशीत न्यूक्लियस नसलेले) आणि युकॅरिओट (न्यूक्लियस असलेले) यांच्यातला फरक तक्त्यात पाठ केला असशील, तो पण इन्सुलिनवरूनच बघ. १९७८ मधे माणसाचं इन्सुलिन ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलं आणि १९८२ पासून औषध म्हणून मिळायला लागलं, त्याआधी डुकराचं आणि गाईबैलांचं इन्सुलिन वापरत. माणसाचा जीन क्रोमोसोमवरून जसाच्या तसा उचलून बॅक्टेरियात टाकला असता तर चाललं नसतं, बॅक्टेरियाला त्यातले इन्ट्रॉन कापता येत नाहीत. म्हणून इन्ट्रॉन नसलेला मजकूर लॅबमधे रसायनांनी बनवला. आणि बॅक्टेरियात ईआर नाही, गॉल्जी नाही, ती कात्री नाही, म्हणून ए साखळी एका बॅक्टेरियात, बी दुसऱ्यात, आणि जोडणी बाहेर. यीस्ट मात्र युकॅरिओट, त्याच्याकडे ईआर आहे, बाहेर सोडायची सोय आहे, म्हणून आज बरंच इन्सुलिन यीस्टमधे बनतं. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पिठात जो यीस्ट असतो ती जात पण यासाठी वापरतात, आणि बंगळुरूची बायोकॉन पिकिया नावाचा वेगळा यीस्ट वापरते.

प्रोकॅरिओट म्हणजे फक्त बॅक्टेरिया असं मात्र लिहू नकोस. मिठागरात मीठ दाट व्हायला लागलं की पाणी कधी गुलाबीसर दिसतं, पणजीहून रायबंदरला जाताना मिठागरं लागतात तिथे कधी थांबून बघ, त्या रंगात मीठ आवडणाऱ्या आर्किआंचा, म्हणजे बॅक्टेरिया नसलेल्या दुसऱ्या प्रोकॅरिओटांचा, मोठा हात असतो. न्यूक्लियस नाही, पण त्यांचं आरएनए पॉलिमरेज बॅक्टेरियापेक्षा आपल्या पॉलिमरेजच्या जवळचं, आणि डीएनए गुंडाळायला पुष्कळ आर्किआंकडे हिस्टोनसारखी प्रोटीन्स पण आहेत. कार्ल वूजनी १९७७ मधे रायबोसोमचा आरएनए ताडून त्यांची वेगळी शाखा काढली तेव्हा बऱ्याच लोकांना ते पटलंच नव्हतं.

प्रॅक्टिकलचं तू विचारलं नाहीस पण सांगते. केळ्यातला किंवा कांद्यातला डीएनए घरी काढता येतो, भांड्याचा साबण मेम्ब्रेन फोडतो, मीठ डीएनएचा निगेटिव्ह चार्ज झाकतं, आणि वरून अगदी गार अल्कोहोल सोडलं की पांढरे धागे वर येतात. दर वर्षी कुणीतरी विचारतंच की मॅडम फेणी चालेल काय. नाही चालत! फेणीत अल्कोहोल चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास, अर्काच्या दुप्पट ओतली तरी सगळं मिळून तीस टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि डीएनए धागे होऊन पाण्यातून सुटायला साधारण पासष्ट-सत्तर टक्के लागतात. लॅबचंच अल्कोहोल माग. हुर्राक तर फेणीहूनही सौम्य दारू, ती सोडूनच दे.

आता तू स्वतः तीन पाठलाग कर, माझ्याकडून उत्तर न घेता. पहिलं हिमोग्लोबिन, त्याला सिग्नल पेप्टाइड नाही, मग ते कुठे बनेल आणि कुठे राहील. दुसरं सायटोक्रोम सी, काम मायटोकॉन्ड्रियात पण जीन न्यूक्लियसमधे. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आहे, १६,५६९ बेसपेअरचा, पण त्यात जेमतेम १३ प्रोटीन्सचे जीन आहेत, बाकी शेकडो प्रोटीन्स बाहेर बनून आत येतात, तर ती येतात कशी ते शोध. तिसरं हिस्टोन, ते सायटोप्लाझममधे बनतं आणि परत न्यूक्लियसमधे जातं, आणि पेशी डीएनएची कॉपी काढत असते तेव्हा त्याचं उत्पादन एकदम वाढतं, ते तेव्हाच का वाढायला हवं याचा विचार केलास की सेल सायकलची एस फेज वेगळी पाठ करावी लागणार नाही. प्रत्येकाचं एक पान लिही, डावीकडे जागा आणि उजवीकडे तिथे काय झालं. कुठे अडलीस तर कुठल्या टप्प्यावर अडलीस ते लिहून विचार, नुसतं "कळलं नाही" म्हणालीस तर मी पण काही सांगू शकणार नाही.